सुईनंतरचा नैवेद्य

दैवशालाला आधी सुई, आणि सुईनंतर अर्ध्या तासात जेवण. धुरपदाबाईचा दिवस पाच वर्षं याच दोन गोष्टींवर चालला होता. दहाव्या वर्षी लेक वाळून काडी झाली, तेव्हा साखरेचा आजार कळला. तेव्हापासून इन्सुलिनची बाटली रांजणाखालच्या ओल्या वाळूत, एका छोट्या मडक्यात राहायची. बोरी गावात एकदोघांकडं फ्रिज होते, पण ते विजेच्या मर्जीवर. वाळू कुणाच्या मर्जीवर नव्हती.

मागच्या खेपेला परभणीच्या डॉक्टरांनी एक नवल सांगितलं. "परदेशात कमरेला लावायचं मशीन निघालंय. थेंब थेंब औषध आत जात राहतं. जेवणाचं औषध ताट समोर आल्यावर बटण दाबून घ्यायचं."

"म्हंजी महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळतीच की," धुरपदाबाई म्हणाली.

डॉक्टर हसले. "तशीच. पण आपल्याकडं यायला लय वर्षं लागतील, बाई."

एस्टीत दैवशालानं विचारलं, "माय, ते मशीन परकराच्या नाडीला बांधायचं व्हय?"

"बांध की. लग्नात कमरपट्टा घ्यायला नको."

भादव्यात घरी लक्ष्म्या, थोरली-धाकटी दोन्ही गौरी, बसल्या. दुसऱ्या दिवशी पुरणाचा थाट. घरच्या कर्त्या पुरुषानं नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी घास तोंडात घालायचा नाही, ही पार्वतीबाईंच्या सासूपासूनची रीत. कर्ता पुरुष म्हणजे पार्वतीबाईंचा मुलगा आणि धुरपदाबाईचा नवरा व्यंकटराव. तो पूर्णेला रेल्वेत नोकरीला होता, आणि पाचच्या एस्टीनं यायचा होता.

फाट्यावर एस्टीचा हॉर्न वाजला. आता दहा मिनिटांत पान वाढायचं, असा हिशेब करून धुरपदाबाईनं उकळलेली सुई काढली आणि लेकीला टोचली.

एस्टी आली. व्यंकटराव त्यात नव्हता.

"येईल मागच्या गाडीनं," पार्वतीबाई वाती वळत म्हणाल्या. "रेल्वेतला माणूस, उशिरा न्हाई आला तर नोकरी जाईल त्याची."

धुरपदाबाईला हसू आलं नाही. "आत्याबाई, सुई दिलीय मी."

"दम धर जरा."

अर्धा तास गेला, पाऊण झाला. लक्ष्म्यांसमोर बसलेल्या दैवशालाच्या कपाळावर घाम आला, हात कापायला लागले. "माय," ती जडपणानं म्हणाली, "धाकटी लक्ष्मी माझ्याकडं बघून हसायलीय."

धुरपदाबाईचा हात कमरेच्या गाठीकडं गेला. पोरीची साखर एकदम उतरली तर म्हणून तिथं कायम गुळाचा खडा असायचा. आज ती सोवळ्यासाठी धुतलेलं लुगडं नेसली होती. खडा दांडीवरच्या जुन्या लुगड्यात राहिला होता. समोर मात्र वाढलेलं पान होतं. तिनं सासूकडं बघितलंच नाही. सरळ देवीच्या पानातलं पुरण उचललं आणि लेकीच्या तोंडात घातलं. पोरीला ते गिळवेना. घास गालातच फिरायला लागला.

"सर बाजूला!"

आता सासूची बोलणी ऐकावी लागणार, म्हणून धुरपदाबाईनं मान खाली घातली. पार्वतीबाई गुडघे धरत उठल्या आणि लक्ष्म्यांपुढची पंचामृताची वाटी उचलून त्यांनी नातीच्या ओठाला लावली.

"पुरण काय कोंबतीस? मध-साखर पाज. घोट घे, बाळा. आजून एक."

बऱ्याच वेळानं दैवशालाची नजर ठिकाणावर आली. "आजी, उष्टं झालं की गं समदं."

"होऊ दे. ह्या बी लेकीच हायेत, माहेराला आलेल्या. घरची लेक अशी आडवी पडल्यावर त्यांना तरी घास गेला असता का?"

व्यंकटराव पिशवी हलवत आला, तेव्हा पान दुसऱ्यांदा वाढलं जात होतं.

पुढच्या वर्षी व्यंकटरावाला रजाच मिळाली नाही. मशीनही काही बोरीला आलं नव्हतं. पाचच्या सुमाराला धुरपदाबाई सुई उकळून बसली, तर पार्वतीबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. आधी पान वाढ, नैवेद्य मीच दाखविते. ताट पोरीपुढं आलं, की मग टोच."

"आन् रीत, आत्याबाई?"

"त्या दोघींना इचारलंय मी," म्हाताऱ्या पार्वतीबाईंनी हातात पाण्याची पळी घेतली. "न्हाई म्हन्ल्या न्हाईत."