दिवेलागणीच्या आत

“रातभर गाडी हाकली तं एक मुक्काम वाचते,” भगवानराव म्हणाले. “काय हैदर, जमते ना?”

ओसरीवर सतरंजी अंथरून भगवानरावांनी शाळेतून मागून आणलेला महाराष्ट्राचा नकाशा पसरला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर पानाचा डबा, दुसऱ्यावर अडकित्ता. ड्रायव्हर हैदर पायरीशी उभा होता. मालकाचं बोट साखरखेर्ड्याहून निघालं आणि जालना, औरंगाबाद, नगर, पुणे, कराड करत आंबा घाटाशी आलं. घाट उतरला की रत्नागिरी. तिथं समुद्र पाहून एक मुक्काम, मग खाली सावंतवाडी. मोठी मुलगी आशा तिथं होती, जावई बांधकाम खात्यात. तिच्या बाळाचं बारसं होतं.

हैदर एक पायरी वर चढून नकाशावर वाकला.

“जमते मालक,” तो म्हणाला. “पण गाडी लिलावातली हाय. दिवसभर तापल्यावर तिले रातीचा आराम पायजे. मधात कुठं बंद पडली तं माय अन पोरी घेऊन रस्त्यावर बसा लागंल.”

“नगरले थांबाचं म्हन्तो?”

“नगर, कराड. मंग रत्नागिरी. दिवस बुडाच्या आत मुक्कामावर. घाटात तं दिवसाच उतराव.”

भगवानराव जरा हिरमुसले. ते कंजूष नव्हते, पण वाटखर्च त्यांना जिवावर यायचा. त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी आधीच ज्वारीचं पीठ, स्टोव्ह, तेलाची बाटली, ठेचा असं सामान काढून ठेवलं होतं. रत्नागिरीत जावयाच्या ओळखीच्या ओव्हरसियरनं आपली एक खोली द्यायचं कबूल केलं होतं. फुकट, पण एकाच रात्रीपुरती. दुसऱ्या दिवशी ते खोलीला कुलूप लावून गावी जाणार होते.

“समुद्र पाहाले पैसे लागत नाहीत,” भगवानराव बायकोला म्हणाले, “अन खोली फुकट. निस्त्या पेट्रोलमधी रत्नागिरी होऊन राह्यली.”

आतून त्यांच्या आई रुखमाबाईंचा आवाज आला, “पानी लय असते म्हन्ते तिथं. पोरी सांभाळा.”

सगळे हसले. हैदरही हसला आणि सूर्याकडं बघून म्हणाला, “येतो मालक.” घर गाठायला अजून उजेड होता.

हैदरचे वडील फकीर मोहम्मद या घरची दमणी हाकायचे. उतारवयात त्यांना दिवस मावळला की दिसत नसे, पण ते घराबाहेर कधी कोणाला कळलं नाही. बैलांना वाट ठाऊक होती. दुसरबीडच्या बाजारातून निघालं की म्हातारा कासरा सैल सोडायचा आणि बैल दमणी अंगणात आणून उभी करायचे. मालकाचं घर जीपपर्यंत पोचलं तेव्हा हैदर ड्रायव्हर झाला. इतकी वर्षं त्याच्या हातून एक कोंबडी मेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्याला वाटलं, गाडीचे दिवे मंद झालेत. त्यानं बल्ब बदलले, मग बॅटरी पाहिली, मग वायरी. दिवे ठीक होते. गेल्या हिवाळ्यात जानेफळहून एकटा परतताना समोरून कंदील नसलेली बैलगाडी आली. ती त्याला कळली ती बैलाचं शिंग मडगार्डवर घासलं तेव्हा. अंधारातून गाडीवानाचा आवाज आला, “आंधळा हायेस काय बे?” हैदरनं इंजिन बंद केलं आणि चांगलं उजाडेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहिला. मडगार्डचा पोचा विहिरीच्या कठड्याचा आहे असं त्यानं मालकाला सांगितलं.

तेव्हापासून त्याची सगळी हुशारी एकाच कामी लागली होती, दिवेलागणीच्या आत गाडी छपरात आणणं. कधी टायर पंक्चर व्हायचा, कधी त्याला ताप यायचा. घरात एकट्या बायकोला, अख्तरीला ठाऊक होतं.

“बोल दो मालक को,” त्या संध्याकाळी ती म्हणाली. ताटातली भाकरी कुठं आहे हे कळावं म्हणून तिनं त्याचा हात धरून भाकरीवर ठेवला. “बच्चियां बैठेंगी गाडी में.”

“बोलूं तो खाएंगे क्या?”

अख्तरीनं ताटात कालवण वाढलं. मग म्हणाली, “अब्बा की बात अलग थी. बैल थे.”

चैत्रातल्या एका सकाळी उजाडताच जीप निघाली. पुढं भगवानराव, मागं वच्छलाबाई, रुखमाबाई आणि धाकट्या दोघी मुली. दिवसाउजेडी हैदरसारखा ड्रायव्हर नव्हता. गाडी अशी जायची की रुखमाबाईंच्या हातातला तांब्या हिंदकळत नसे. पण दुपार कलली की त्याचं लक्ष रस्त्यावरून सावल्यांवर जायचं. सावल्या लांबू लागल्या की त्याचा पाय नकळत जोर करायचा आणि भगवानराव म्हणायचे, “सबुरीनं रे.”

नगरला ऊन असतानाच पोचले. धर्मशाळेत स्टोव्ह पेटला, पिठलं झालं. दुसऱ्या दिवशी कराडला पोचायला जरा उशीर झाला, आकाश तांबूस होतं. सामान उतरवेपर्यंत अंधार पडला. वच्छलाबाईंनी हात धुवायला म्हणून तांब्या पुढं केला.

“घ्या हैदरभाऊ.”

हैदरनं हात पुढं केला तो तांब्याच्या वीतभर बाजूला. त्याची बोटं हवेत चाचपत राहिली. वच्छलाबाईंनी तांब्या हळूच त्याच्या बोटांना टेकवला. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो त्यांच्या खांद्यापलीकडं कुठंतरी बघत होता.

“वयनीसाहेब, आज लय थकलो,” तो म्हणाला.

“हाव,” वच्छलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी वाट सगळ्यात थोडी होती. दुपारच्या चहाला रत्नागिरी, असं भगवानराव मुलींना सांगत होते. पण घाटमाथ्यावरच्या आंबा गावाच्या अलीकडं एका वळणावर लाकडांनी भरलेला ट्रक ॲक्सल मोडून रस्त्यात आडवा पडला होता. दोन्हीकडं गाड्यांची रांग लागली. लोक उतरून झाडाखाली बसले. ओंडके एकेक करून खाली काढायचं काम सुरू झालं.

हैदर जाऊन ओंडके उचलू लागला. अंगातला सदरा घामानं चिकटला, हाताची सालटं निघाली. दर ओंडक्यामागं तो मान वर करून सूर्य पाहत होता. रस्ता मोकळा झाला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

“मालक,” हैदर म्हणाला, “आजची रात आंब्यालेच राहू. सकाळी उतरू.”

“काऊन? आता तं रस्ता मोकळा झाला.”

“घाट हाय. अनोळखी.”

“अरे, खोली आज रातीचीच हाय. उद्या तो मानूस कुलूप लावून चाल्ला जाईन. मंग लॉजचे पैसे कोन भरंल, तू?” भगवानराव हसून म्हणाले आणि गाडीत बसले. “चाल, पोरी भुकेल्या.”

आता बोलावं, असं हैदरच्या मनात आलं. मग त्यानं हिशेब केला, उजेड अजून थोडा आहे, घाट तेवढ्यात उतरेल. त्यानं किल्ली फिरवली.

पहिली काही वळणं दिसली. मग झाडी दाट झाली आणि रस्ता झाडीत मिसळू लागला. त्यानं दिवे लावले. दुसऱ्यांना दिव्यांच्या उजेडात रस्ता दिसतो. हैदरला समोर फक्त मळकट पिवळा धूर दिसत होता. तो पुढच्या एस. टी.च्या मागच्या लाल दिव्याला धरून चालला. लाल ठिपका डावीकडं सरकला की तो स्टिअरिंग डावीकडं घ्यायचा. मागं दोघी मुली समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, यावर भांडत होत्या. धाकटी म्हणत होती, मी पिऊन पाहणार.

एस. टी. वेगानं पुढं गेली. लाल ठिपका एका वळणाआड गेला आणि परत आला नाही.

“चाल ना बे,” भगवानराव म्हणाले. “मागचा हारन मारून राह्यला.”

समोरून एक ट्रक आला. त्याचे दिवे हैदरच्या डोळ्यांत घुसले, सगळं पांढरं झालं, आणि ट्रक गेल्यावर काहीच उरलं नाही. धूरही नाही. त्यानं अंदाजानं चाक फिरवलं. डाव्या चाकांखालचा आवाज बदलला. डांबराचा आवाज जाऊन खडीचा आला.

हैदरनं ब्रेक दाबला. गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. किल्ली काढली आणि भगवानरावांचा हात शोधून त्यात ठेवली.

“मालक, मले दिसत नाही.”

“काय दिसत नाही?”

“काहीच नाही. दिवस बुडाला का मले दिसत नाही. दोन साल झाले.”

भगवानराव आपल्या बाजूनं उतरायला गेले आणि पाय टेकण्याआधी त्यांनी टॉर्च लावला. उजेड जमिनीवर पडला नाही. तो खाली, झाडांच्या शेंड्यांवर पडला.

पाय आत घेऊन ते तसेच बसले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “वच्छला, पोरीयले घेऊन मागून उतर. मायले धर. हालू नका कोनी जोरानं.”

एकेक जण मागून उतरून डोंगराच्या बाजूला जाऊन उभं राहिलं. हैदर शेवटपर्यंत ब्रेकवर पाय दाबून बसला होता. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर धावत आला. त्यानं हैदरच्या पायावर पाय ठेवून ब्रेक ताब्यात घेतला, त्याला उतरवलं, भगवानरावांकडून किल्ली घेतली आणि जीप मागं घेऊन रुंद जागी लावून दिली. जाताना तो भगवानरावांना म्हणाला, “नवस असंल तर फेडा पाहुणं.”

भगवानराव हैदरसमोर येऊन उभे राहिले. हैदरला ते दिसत नव्हते, पण श्वास ऐकू येत होता. तो मार खायला तयार होता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“लेकरं होते गाडीत,” भगवानराव म्हणाले.

“हाव मालक.”

“लेकरं होते बे.”

वच्छलाबाई मुलींना पोटाशी धरून खडकावर बसल्या होत्या. “मले कराडलेच समजलं होतं,” त्या म्हणाल्या.

भगवानराव वळले. “अन बोलली नाहीस?”

“बोलली असती तं तुमी त्यायले तिथूनच वापस धाडलं असतं. मले अख्तरी दिसली डोळ्यापुढं.” त्या थांबल्या. “माह्या पोरी नाही दिसल्या मले. तिथं मी चुकली.”

ती रात्र सगळ्यांनी डोंगराला पाठ लावून काढली. खालून गाड्या वर येत, त्यांचे दिवे सगळ्यांच्या तोंडावरून फिरत आणि जात. कोणी झोपलं नाही, रुखमाबाईंशिवाय.

उजाडल्यावर भगवानरावांनी किल्ली हैदरच्या हातात दिली. दुसरा इलाज नव्हता. हैदरनं जीप खाली नेली, एकही खड्डा न लागू देता. भगवानराव पूर्ण वेळ रस्त्याकडं न बघता हैदरच्या डोळ्यांकडं बघत होते.

रत्नागिरीत ओव्हरसियरच्या खोलीला कुलूप होतं. देवळाजवळ एका बाईनं पडवी आणि चूल दिली, माणशी थोडे पैसे घेऊन. भगवानरावांनी घासाघीस केली नाही. ते बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले आणि सावंतवाडीपर्यंत आणि पुढं परत गावापर्यंत येईल असा ड्रायव्हर ठरवून आले.

दुपारी सगळे समुद्रावर गेले. मुली पाण्याला भिऊन वाळूतच खेळत होत्या. हैदर जरा दूर बसला होता. भगवानराव येऊन त्याच्याजवळ बसले.

“काऊन नाही सांगतलं?”

“सांगून काय झालं असतं मालक?”

भगवानरावांनी विचार केला. “काढलं असतं तुले.”

“हाव.”

लाटा येत होत्या. भगवानराव ओल्या वाळूवर बोटानं रेघा ओढत राहिले.

“दिवसा तं तू चांगला हाकतं,” ते म्हणाले. “रातभर म्या तोच इचार केला, का दिवसापुरता ठेवावं. पन माह्याच्यानं तुह्या बाजूले बसनं होनार नाही आता. मले भेव वाटते, हैदर. खोटं काऊन बोलू.”

“खरं हाय मालक.”

“मळ्यात पान्याच्या मोटारीवर बस. पगार थोडा कमी राहीन. दिवसाचं काम हाय.”

हैदरनं मान हलवली. त्याला वाटलं होतं हे ऐकून छाती फुटेल. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच ऊन उतरत होतं आणि त्याला कुठं पोचायचं नव्हतं. तो सूर्याकडं बघत बसला. मग सूर्य पाण्यात गेला आणि त्याला परत भीती वाटू लागली, आता दुसरीच, कमी पगारात अख्तरी घर कसं चालवणार याची.

सकाळी नवा ड्रायव्हर आला. तरुण होता, पान खाऊन आला होता. भगवानराव पुढं बसले. हैदर मागं चढला आणि रुखमाबाईंच्या शेजारी, सामानात अंग चोरून बसला. या जीपमध्ये तो मागं कधी बसला नव्हता.

गाडी चढाला लागली. नव्या ड्रायव्हरनं गिअर बदलला, दाते करकरले. हैदरचा डावा पाय क्लच शोधत पुढं गेला आणि पत्र्यावर दाबला गेला. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच झालं. रुखमाबाई त्या पायाकडं बघत होत्या. पायाशी ठेवलेलं आपलं बोचकं उचलून त्यांनी मांडीवर घेतलं आणि त्याच्या पायाला जागा करून दिली.