टॉवेलाखाली वाळताना

मी निकर बोलतेय. हो, बरोबर ऐकलंत. कुणी मला चड्डी म्हणतं, कुणी नुसतंच 'आतले कपडे' म्हणून मोकळं होतं, आणि दुकानात माझं नाव तोंडातून काढायला नको म्हणून कित्येक जणी नुसत्या बोटाने दाखवतात. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण मग जरा बसा, कारण जे सांगायचंय ते मनात ठेवून ठेवून माझं इलॅस्टिक सैल झालंय.

मी सुती आहे. हे आधीच सांगते, कारण याच गोष्टीचा मला भारी ताठा होता. ज्या खोलीत मी शिवली गेले तिथल्या शिवणाऱ्या बाईने माझी कंबर ताणून बघितली आणि शेजारणीला म्हणाली, "गरोदर बाईला हे असलं बरं. पोटावर वळ उठत नाही, घाम टिपतं." झालं! मी तेव्हाच फुगले. दुकानाच्या फळीवर माझ्या शेजारी जाळीदार नायलॉनची एक नखरेल बया पडलेली असायची. तिच्याकडे मी असं बघायचे की विचारू नका.

मला विकत घेतलं ती बाई लॉन्ड्रीत काम करणारी. कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. मोठी लॉन्ड्री, जिथे हॉटेलांच्या चादरी आणि टेबलावरची कापडं गठ्ठ्यागठ्ठ्यांनी येतात. ही चादरी दाबायच्या वाफेच्या यंत्रावर उभी असायची. तिच्या घडीची कड इतकी सरळ की सगळे तिला कडक म्हणायचे. बोलायलाही तशीच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर, आणि घरात सासूबाई. याआधी एकदा दिवस राहून दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं. त्यामुळे या खेपेला घरात सगळेच जपून चालायचे, जपून बोलायचे. डॉक्टरीणबाईंनी सुती कपडे वापरा म्हटल्यावर तिने मला घेतलं. तिने माझ्यावर विश्वास टाकला होता, हे आठवलं की आजही माझ्या शिवणी ओढल्यासारख्या होतात.

आता घरातला माझा मुक्काम सांगते. त्या घराच्या गॅलरीत दोन तारा होत्या. भरपूर ऊन यायचं. त्यावर शर्ट, टॉवेल, पायपुसणीसुद्धा ऐटीत वाळायची. नवऱ्याच्या चड्ड्या तर ऐन दर्शनी भागात फडफडायच्या, जणू घरात काही मोठं कार्य आहे! आम्ही मात्र न्हाणीघरात, दाराआडच्या खिळ्यावर, आणि वरून एक जुना टॉवेल. सासूबाईंच्याही तिथेच. त्यांनी सुनेला याबद्दल कधी शब्दाने काही सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिने गॅलरीत निकर वाळत घातली, तेव्हा सासूबाईंनी ती गुपचूप काढून आणून खिळ्याला अडकवली. बस्स, तेवढं पुरलं.

खिळ्यावर मी कधी धड वाळलेच नाही. वरून कोरडी वाटायचे, पण मांड्यांमधल्या जोडाशी, दुहेरी कापडात ओल राहायची. सकाळी घाईत ती मला तशीच चढवायची. वर लॉन्ड्रीच्या गणवेशाची ती जाड, अंगाला चिकटणारी पँट. यंत्राची वाफ, अंगाचा घाम, सुट्टीत बसायला प्लॅस्टिकची खुर्ची. मी घाम टिपायचे खरी, पण टिपून टिपून किती टिपणार? ओली ती ओलीच.

आणि एक दिवस खाज सुटली.

पहिल्यांदा तिने दुर्लक्ष केलं. मग यंत्रापाशी उभ्या उभ्या पाय एकमेकांवर दाबून धरायला लागली. बसली की अर्ध्या मांडीवर बसायची. "काय गं, नीट का बसत नाहीस?" नवऱ्याने विचारलं.

"पाठ दुखते," ती म्हणाली, आणि विषय संपला.

अंगावरून पांढरं जास्त जायला लागलं होतं, दह्यासारखं घट्ट. मी तर सगळ्यात जवळची, मला दिसत होतं. तिने मात्र ते बघितलं आणि तिचा चेहरा असा पडला, जशी काही तिच्या हातून चादर जळाली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. मी घाणेरडी आहे. मी स्वच्छ राहत नाही. दिवसभर जगाचे डाग काढणारी बाई, तिला दुसरं काय सुचणार? लॉन्ड्रीत एकच शिकवण. डाग निघाला नाही? परत धुवा. तरी नाही? जास्त पावडर, गरम पाणी, अजून घासा.

तिने स्वतःला घासायला सुरुवात केली. आधी वासाचा साबण. मग बादलीत जंतुनाशकाचं झाकण ओतून त्या पाण्याने. दिवसातून कितीदा तरी. आणि मला तर काय विचारता! दुप्पट पावडरीत भिजवायची आणि शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर घालायची, तोच जो हॉटेलच्या टॉवेलांना लावतात, गुलाबाच्या वासाचा. कॅनच्या तळाशी उरलेला घरी न्यायची तिथल्या लोकांना मुभा होती. वास टिकावा म्हणून त्यानंतर साधं पाणी नाही, काही नाही. तसंच पिळून खिळ्यावर.

लाज वाटते सांगायला, पण मला तो वास आवडायचा. खरंच. त्या अंधारात, टॉवेलाखाली, मी स्वतःशीच दरवळत बसायचे. वाटायचं, वा, आता मी हॉटेलातली झाले! आणि सकाळी तोच वास, तीच पावडर, तीच ओल घेऊन मी तिच्या आधीच सोललेल्या कातडीला चिकटायचे. नायलॉनच्या त्या बयेला नावं ठेवणारी मी. सुती असून काय दिवे लावले?

मग लघवीला जळजळ सुरू झाली. तिने त्यावर काय उपाय काढला असेल? पाणी पिणंच कमी केलं. म्हणजे जायलाच नको. गरोदर बाई, समोर वाफेचं यंत्र, आणि ओठ सुकलेले. पोटातलं बाळ लाथ मारायचं तेव्हा ती पोटावर हात ठेवून पुटपुटायची, "थांब रे, थोडंच राहिलंय." मला ओरडावंसं वाटायचं, अगं बये, सांग कुणाला तरी! पण निकर काय ओरडणार?

नेहमीच्या तपासणीला ती गेली तेव्हा मी अंगावरच होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही त्रास? खाज, जळजळ, अंगावरून जाणं?" इतकं स्पष्ट विचारलं हो! सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसलेल्या. हिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही, सगळं ठीक आहे." डॉक्टरीणबाई लघवीची तपासणी लिहून देत होत्या, तर म्हणते, "पुढच्या वेळी करते, आज कामावर उशीर होतोय." मी तिथे गुलाबासारखी घमघमत होते. मेले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर काही दिवसांनी, एका दुपारी, सासूबाई तो जुना टॉवेल धुवायला काढायला न्हाणीघरात आल्या. टॉवेल ओढला आणि त्याच्याबरोबर मी खाली पडले. त्यांनी मला उचललं. माझा वास आला तशा त्या दोन पावलं मागे सरल्या. मग हाताला ओल लागली. आणि मग त्यांना दिसला, जोडावर, धुऊनही न गेलेला पुसट लाल ठिपका.

आधीच्या खेपेला सुरुवात अशीच झाली होती.

"अगं ए! इकडे ये आधी!" त्यांचा आवाज इतका चिरका मी कधी ऐकला नव्हता. ती धावत आली. "हे रक्त कसलं? कधीपासून? बोल ना!"

ती भिंतीला टेकली. "आई, नखाचं आहे. बाळाचं नाही. नखाचं आहे." आणि ती कडक म्हणवणारी बाई तिथेच हमसून हमसून रडायला लागली. "खूप खाजतं हो. सहन होत नाही. मी इतकी धुते, तरी घाण जात नाही. या खेपेलाही माझ्यामुळेच काही झालं तर?"

सासूबाई उपड्या बादलीवर मटकन बसल्या. मी त्यांच्या मुठीत. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मलाही झालं होतं. अगदी असंच. रात्र रात्र जळजळायचं. मी कुणाला सांगितलं नाही. सासूला नाही, आईलासुद्धा नाही. म्हटलं, लोक काय म्हणतील." त्यांनी खिळ्याकडे बघितलं. "आणि तुला काय शिकवलं मी? तेच. न बोलता शिकवलं."

"तुमचं काय चुकलं, आई?"

"गप्प बस. चप्पल घाल."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. ज्या बाईने मला तारेवर येऊ दिलं नाही, तिने पर्समधून मला काढलं आणि थेट टेबलावर ठेवलं. "हे बघा. हे असं आहे. ही सांगणार नाही, म्हणून मी सांगते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "वास कसला येतोय हा?"

सगळं बाहेर पडलं. पावडर, सॉफ्टनर, जंतुनाशक, सगळं. त्यांनी तिला तपासलं, आतला नमुना घेतला, लघवी तपासायला पाठवली. मग तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"आधी एक ऐका. बाळाचे ठोके छान आहेत. रक्त वरच्या कातडीचं आहे, ओरबाडल्याचं. दुसरं, तुम्ही घाणेरड्या नाही. गरोदरपणात हार्मोन्स बदलतात, ओल वाढते आणि बुरशीला आयतंच फावतं. कितीतरी जणींना होतं. तुम्ही लॉन्ड्रीत आहात ना? मग सांगते, हा डाग नाही, की घासला म्हणजे जाईल. जितकं घासाल तितकं वाढेल. कातडीचं स्वतःचं एक रक्षण असतं, ते तुम्ही धुऊन टाकलंत."

"मग करू काय?"

"बाहेरून साध्या पाण्याने धुवायचं आणि हलक्या हाताने टिपायचं. आतून तर अजिबात धुवायचं नाही. वासाचं काहीही तिथे नको. पुसताना पुढून मागे. कामावर एक जादा निकर न्यायची, घामेजली की बदलायची. पँट सैल मागून घ्या. आणि पाणी प्या हो! लघवीत जंतू असतील आणि ते वर चढले तर तुम्हाला ताप येईल, बाळालाही त्रास होईल. औषध मी देते तेच घ्यायचं. दुकानातून मनाने मलम आणायचं नाही, शेजारणीचं उरलेलं तर नाहीच." मग त्यांनी मध्येच विचारलं, "तळहात, तळपाय खाजतात का?"

"नाही."

"खाजले तर लगेच यायचं, ते दुखणं वेगळं, यकृताचं असतं. रक्त गेलं, पाणी गेलं, ताप आला, तरी वाट बघायची नाही." आणि मग त्यांनी मला दोन बोटांनी उचललं. "हिला वाळत कुठे घालता?"

सून जमिनीकडे बघत होती. सासूबाईंनी हळूच सांगितलं, "दाराआड. टॉवेलाखाली."

"उन्हात घाला," एवढंच त्या म्हणाल्या.

लघवीत जंतू निघालेच. वेळेवर निघाले, म्हणून औषधाने आवरले. दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी नवऱ्याला सगळं कळलं, तेव्हा तो तिच्या पायाशी येऊन बसला. "मला का नाही सांगितलंस?" म्हणाला. ती म्हणाली, "तू पाठीवर विश्वास ठेवलास ना!" दोघंही हसले, पण त्याचे डोळे हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला साध्या साबणाने धुतलं. वास जाईपर्यंत पाणी बदलत राहिल्या. मग मला घेऊन त्या गॅलरीत आल्या. समोरच्या गॅलरीत एक काकू केस विंचरत उभ्या होत्या. मी तर आक्रसूनच गेले. सासूबाईंनी पुढच्या तारेवरचा मुलाचा शर्ट बाजूला सरकवला आणि मला मधोमध अडकवलं, दोन चिमटे लावून.

तेवढ्यात मुलगा बाहेर आला. "आई, हे काय इथे पुढे?"

"तुझ्या चड्ड्या इतकी वर्षं इथेच वाळतायत. तेव्हा विचारलंस का? चिमटा दे."

त्याने निमूट चिमटा दिला. मला वाटलं, तो माझ्यासाठीच आहे, वाऱ्याने उडू नये म्हणून. पण सासूबाईंनी कमरेला खोचलेलं काहीतरी काढलं, झटकलं, आणि माझ्या शेजारी तारेवर टाकलं. त्यांची स्वतःची होती. रंग उडालेली, इतकी वर्षं दाराआड काढलेली. तिला ऊन लागलं तशी ती माझ्याजवळ येऊन हलायला लागली.

आता मी निकर राहिले नाही. बाळ झालं, इलॅस्टिक गेलं, आणि घरच्यांनी माझं फडकं केलं. रोज सकाळी कपडे वाळत घालण्याआधी तार पुसायला मला घेतात. वर बाळाची दुपटी, सुनेच्या निकरा, सासूबाईंच्या निकरा, सगळं एका ओळीत वाळतं, आणि मी खाली कठड्यावर पडून बघते. बाळ खणखणीत आहे. तरी त्याचं रडणं कानावर आलं की मला त्या गुलाबाच्या वासाची शरम वाटते, आणि ती काही धुऊन जात नाही.

तुमच्याही घरात असेल एखादा दाराआडचा खिळा. जाऊन जरा टॉवेल उचलून बघा. आणि त्याखाली जी वाळत असेल, ती जिची आहे, तिला विचारा, बाई, तुला काही होतंय का?