मधला डबा

सोनपेठच्या एसटी स्टँडसमोर राजेश्वरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काही वर्षांपासून तो टीव्हीला जोडून खेळायचे गेमचे जुने डबेही विकतो. नवा डबा घेतला की परभणी-नांदेडची पोरं जुना काढून टाकतात. राजेश्वर तो उचलतो, उघडून धूळ काढतो आणि गावात विकतो. गिऱ्हाइकाला त्यातलं फारसं कळत नाही, त्याला सगळं कळतं.

एका डब्याला मागणी जास्त. कंपनीनं त्याचं नाव कधी बदललं नाही, पण डबा मात्र बदलत गेला. सुरुवातीला आला तो जाड, वर चकचकीत झाकण. उन्हाळ्यात तो तापायचा, आणि तापला की कुणी बटन न दाबताच आतली गेमची चकती आपोआप बाहेर यायची. पुढं कंपनीनं गाजावाजा न करता आतलं सामान सुधारलं. बाहेरून अंग तेच राहिलं, फक्त झाकणाची चमक गेली. मग बऱ्याच काळानं अर्ध्या जाडीचा आला. राजेश्वरच्या दुकानात त्यांना पहिला, मधला आणि बारका म्हणत.

संक्रांतीच्या आधी अर्पिता दुकानात आली. ती जवळच्या खेड्यात शाळेवर शिक्षिका. तिची आई कुसुमबाई शिवणकाम करायची. निम्म्या गावातल्या बायकांचे झंपर तिनं शिवले होते, राजेश्वरच्या शाळेच्या चड्ड्यासुद्धा. मागच्या वर्षी तिला लकवा मारला आणि उजवा हात गेला. औषधपाण्यानं हातात जीव परत आला, पण बोटं थरथरत.

"डॉक्टरनं रबरी चेंडू दाबायला दिलाय. ती दाबतच न्हाई, कोपऱ्यात फेकून देती," अर्पिता म्हणाली. "परवा परभणीला निकिताकडं गेलो होतो, माझ्या मामेबहिणीकडं. तिनं आईच्या हातात गेमचा रिमोट दिला. आई गाडी चालवायली, भिंतीवर आपटायली अन् हसायली. आजारपणापासून पहिल्यांदा हसली बघा. निकिताकडं मधला हाय. मला बी मधलाच पाहिजे. पहिला लय तापतो म्हणं."

राजेश्वरकडं तेव्हा मधला नव्हता. पहिला होता, आणि जळून गेलेल्या एका मधल्याचं झाकण होतं.

"उद्या या ताई," तो म्हणाला.

झाकण बदलायला वेळ लागला नाही. खालचं मॉडेलचं स्टिकर त्यानं नखानं खरवडून काढलं. दुसऱ्या दिवशी अर्पितानं झाकणावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मधलाच ना?"

"मधलाच. आपल्या मावशीला द्यायचाय, दुसरा देईन का?"

हे शेवटचं त्यानं आपणहून जोडलं. तिनं मान डोलावली आणि डबा पिशवीत घातला.

थंडीत काही झालं नाही. उलट राजेश्वरची आई गौराबाई कौतुकानं सांगायची, की कुसुम आता रोज दुपारी गाडी पळवते, परवा तिनं सुईत दोरा ओवला. तिचं नि कुसुमबाईचं जुनं मेतकूट. ऐकून राजेश्वरलाही बरं वाटायचं. आपण काही वाईट केलं नाही, असंच तो धरून चालला. म्हातारीचा हात सुधारतोय, मग झाकण कुठलं का असेना.

होळी झाली आणि ऊन तापलं. पुढं वैशाखात एका दुपारी तो घरी जेवायला आला, तेव्हा बाहेरच्या खोलीत कुसुमबाई त्याच्या आईपाशी बसली होती. तो स्वयंपाकघरात ताटावर बसला. मधे फक्त पडदा.

"अक्का, मी ते खेळणं सोडलं," कुसुमबाई म्हणत होती.

"का बरं? बरं चाललं होतं की."

"हात मागं जायलाय माझा. खेळता खेळता अंगठा भलत्याच बटनावर पडतो अन् चकती बाहेर येती. कवा दाबलं तेच कळत न्हाई. पुन्हा आत घालावं, तर जरा वेळानं पुन्हा बाहेर. अर्पिता शाळेतून आली की विचारती, खेळलीस का, मी हो म्हणते. तिनं एवढ्या हौसेनं आणलं. तिला कोणत्या तोंडानं सांगू की हात गेला म्हणून?"

राजेश्वरचा घास हातातच राहिला. त्या रिमोटवर चकती बाहेर काढायचं बटनच नसतं. हे त्या घरात त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"राजू," गौराबाईनं हाक मारली, "मावशीला जरा नीट शिकव की रे. तुझ्याच दुकानातलं हाय."

तो हात धुऊन बाहेर आला. कुसुमबाईनं लगेच उजवा हात पदराखाली घेतला. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "होतं मावशी असं. सवय झाली की जमंल."

दुकानात परत आल्यावर त्याला स्वतःचंच बोलणं पुन्हापुन्हा ऐकू यायला लागलं. झाकण बदलताना त्याला काही वाटलं नव्हतं. पण आत्ता खरं सांगायची संधी समोर येऊन बसली होती, आणि त्यानं त्या बाईचा हात अजून थोडा दुबळा करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या घरी गेला. पत्र्याचं घर, आत भट्टीसारखी धग. शिवणयंत्रावर चादर टाकलेली. "शिकवायला आलो," तो म्हणाला. कुसुमबाई खुश झाली, पण रिमोट घेताना तिनं दहादा हात पुसला. ती बरी खेळत होती. वळणावर गाडी सावरत होती, बोटं जागच्या जागी पडत होती. तहान लागली म्हणून तिनं रिमोट खाली ठेवला आणि तांब्याकडं वळली. तेवढ्यात डब्यातून खट् आवाज आला आणि चकती बाहेर आली.

ती घाबरून त्याच्याकडं बघायला लागली.

"मी तर हात बी लावला न्हाई," ती म्हणाली, आणि रिमोटकडं बघत, "लागला असंल. मला आता काय कळायलंय."

राजेश्वरनं चकती परत आत ढकलली. "धूळ बसली असंल," तो म्हणाला. "साफ करून आणून देतो."

डबा उचलून तो तसाच स्टँडवर आला आणि परभणीची गाडी पकडली. ओळखीच्या दुकानात खराखुरा मधला मिळाला. येताना तो मांडीवर घेऊन बसला होता. मनात सगळं जुळवून झालं होतं. हा ठेवायचा, साफ केला म्हणून सांगायचं, विषय संपला. कुणाला कळायचं कारण नाही.

आणि खरंच कुणाला कळलं नाही. पुढच्या दुपारी कुसुमबाई त्याच्यासमोर कितीतरी वेळ खेळली. घरात तीच धग होती, पण चकती जागची हलली नाही. शेवटी तिनं रिमोट ठेवला, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"सुधारला रे माझा हात," ती म्हणाली. "एवढे दिवस मी लय बेजार झाले होते. तुला म्हणून सांगते, अर्पितापाशी बोलू नको." तिनं पदर सारून उजव्या हाताची मागची बाजू पुढं केली. तिथं हिरवट पिवळे डाग होते. "चकती बाहेर आली की मी ह्याला डाव्या हातानं मारायची. लाटण्यानं बी मारलं एकदा. तिला सांगितलं, कपाट लागलं. आता न्हाई मारणार."

राजेश्वर त्या डागांकडं बघत राहिला. उठून निघून जाता आलं असतं. दार उघडंच होतं.

"मावशी," तो म्हणाला, "तुमचा हात बिघडलाच नव्हता."

"मंजी?"

त्यानं सगळं सांगितलं. पहिला कोणता, मधला कोणता, झाकण कसं बदललं, चकती का बाहेर यायची, काल कुठं गेला होता. सांगताना त्याची मान खाली होती.

"मंजी हात चांगला होता," कुसुमबाई म्हणाली.

"चांगला होता. सगळा वेळ चांगला होता."

उजवा हात तिनं डाव्या तळव्यावर घेतला आणि पडलेलं लेकरू चाचपावं तसा चाचपला. मग पदराखाली झाकला.

"अर्पिता येईस्तोवर बस इथं," ती म्हणाली. "तिला तूच सांग. मी सांगणार न्हाई."

तो बसला. ती आत गेली. पाणी विचारलं नाही. या घरात त्याला आजवर कुणी पाण्यावाचून बसवलं नव्हतं. शेजारची बाई वाटी मागायला डोकावली, म्हणाली, "काय राजेश्वर, शिकवायला आलास व्हय? गुणाचं पोरगं." त्याला मान वर करता येईना.

अर्पिता आली, पायातल्या चपला काढता काढता तिनं ऐकलं. एक चप्पल तशीच पायात राहिली.

"मी तुमाला विचारलं होतं," ती म्हणाली. "झाकणावर बोट ठेवून विचारलं होतं."

"हो ताई."

"न्हाई म्हणाला असतात तर मी थांबले असते. घाई नव्हती." ती आतल्या दाराकडं बघत होती. "खोटं बोललात ते बोललात. पण 'आपल्या मावशीला' म्हणलात, ते कशाला?"

नवा डबा ठेवून घ्या, पहिल्याचे पैसेही परत करतो, असं तो पुटपुटला. "डबा राहू द्या, आईला लागतो," ती म्हणाली. "पैसे नकोत. तुमी जा आता."

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. गौराबाई नुकतीच लिंगपूजा करून उठली होती, कपाळावरची विभूती ओली होती. तिनं ऐकून घेतलं आणि पायात वहाणा घालून कुसुमबाईकडं गेली. दिवेलागणीला परतली. त्यानंतर ती दर सोमवारी तिकडं जायला लागली. आधी कुसुमबाईच इकडं यायची. आता ती या दारात येत नाही.

दुकानात त्या पहिल्या डब्याला राजेश्वरनं त्याचं चकचकीत झाकण परत बसवलं. पिंगळी गावचा एकजण बघून गेला. "पहिला हाय, उन्हाळ्यात दगा देतो," राजेश्वरनं आधीच सांगितलं. माणूस गेला तो फिरकला नाही. डबा अजून फळीवर आहे.

पाऊसकाळ सुरू झाल्यावर एका सोमवारी गौराबाई परत आली, तेव्हा राजेश्वरला राहवलं नाही.

"मावशी कशी हाय?"

"बरी हाय. गाडी चालवायली. यंत्रावरची चादर काढलीय तिनं. झंपराला काज करायली होती, मला दाखवलं."

"अन् माझं काही?"

गौराबाई पाय धुवायला न्हाणीकडं निघाली होती. थांबली, पण वळली नाही.

"तुझं नाव न्हाई निघालं," ती म्हणाली. "कवाच निघत न्हाई."