बाईंनी आधी फोन ठेवला

मित्रांनो, खिडकीजवळच्या तिपाईवर जो जाडजूड, मातकट रंगाचा टेलिफोन दिसतो ना, तो मी. जुना आहे, पण अजून मोडीत निघालेलो नाही. पाचाचं बटण तेवढं जोर लावून दाबावं लागतं. बाकी तब्येत ठणठणीत आहे आणि आवाज असा, की शेजारचेही दचकतात.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो जण एकाच दिवशी तयार झाले. कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणून माझी परीक्षा घेतली आणि मला खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते बाईंच्या घरात. बाई म्हणजे माझ्या मालकीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. कानावर हेडफोन चढवायचा आणि दिवसभर याची लाइन त्याला जोडून द्यायची. तिथे सगळे त्यांना 'बाई' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. त्या कामाचा एक नियम होता. ऑपरेटरने फोन आधी ठेवायचा नाही. समोरच्याने ठेवला, की मग आपण. बाई निवृत्त झाल्या, पण त्यांचा हा नियम काही सुटला नाही. राँग नंबर लागला तरी त्या समोरच्याने ठेवायची वाट बघत.

तेव्हा माझा काय थाट होता! बाईंचे मिस्टर माझ्यावर विणलेला रुमाल घालत. लेक मैत्रिणींशी इतकं बोले, की माझे कान किटत. मग मिस्टर गेले, लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि वहीतले मैत्रिणींचे नंबर एकेक करून खोडले गेले. लेकीने दिलेला मोबाइल बाईंनी कपाटात ठेवून दिला, त्यात म्हणे माणसाचा आवाज कोंडल्यासारखा येतो. रविवारी अकरा वाजता लेक मला फोन करी. "बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? चल, ठेवते." बाकीचे सहा दिवस मी तोंड मिटून असे. बाई मला रोज पुसत. कधी रिसीव्हर उचलून नुसता डायल टोन ऐकत आणि ठेवून देत. तेव्हा मला फार वाईट वाटे.

एका सोमवारी चार वाजता मी वाजलो. मित्रांनो, माझ्याकडे घंटी एकच आहे. लेकीसाठी तीच आणि चोरासाठीही तीच. हे मला आजही सलतं.

पलीकडचा माणूस गोड बोलला. त्याच्यामागे एक पंखा कुरकुरत होता. तो तपास खात्यातला साहेब होता म्हणे. बाईंच्या नावाने कुणीतरी खोटं खातं उघडलं होतं, पण घाबरायचं कारण नव्हतं, तो होता ना! शेवटी त्याने विचारलं, "आई, जेवलात का?"

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "हो, जेवले," म्हणाल्या. त्याने ठेवल्यावरच त्यांनी ठेवला.

मंगळवारी आणि बुधवारीही तो बरोबर चारला बोलला. बाई पावणेचारलाच खुर्ची ओढून माझ्याजवळ बसू लागल्या. मला सगळं ऐकू येत होतं, पण माझं स्वतःचं असं मला बोलता कुठे येतं? बुधवारी त्याने फास आवळला. निवृत्तीची ठेव मोडा आणि चौकशी होईपर्यंत आमच्या सुरक्षित खात्यात टाका, नाहीतर अटक होईल. लेकीला सांगितलंत तर तीही अडकेल. बाईंचं घरभाडं, औषधपाणी, सगळं त्या एका ठेवीवर चालत होतं.

गुरुवारी बँक उघडायच्या वेळी फोन आला. बाई चपला घालून, पासबुक मांडीवर घेऊन तयार होत्या.

"फोन ठेवू नका आई. मुख्यालयातल्या मोठ्या साहेबांना जोडून देतो," तो म्हणाला. लगेच एक जाड आवाज बोलू लागला.

बाई ताठ बसल्या. त्यांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

"साहेब, मुख्यालय किती लांब आहे हो?"

"चारशे किलोमीटर. का?"

"मग पंखा तोच कसा वाजतोय?"

पलीकडे पंखा कुरकुरतच होता.

"लाइन जोडली की मागचा आवाज बदलतो, साहेब. एकतीस वर्षं जोडल्यात मी. तुम्ही लाइन जोडलीच नाहीत. फोन शेजारच्याच्या हातात दिलात."

"ए म्हातारे, फोन ठेवलास तर तासाभरात पोलीस येतील दारात!"

बाईंनी जन्मात पहिल्यांदा फोन आधी ठेवला.

त्यानंतर त्याने सहा वेळा फोन केला. मला वाजावंच लागलं. शेवटी बाईंनी भिंतीतून माझी तार उपटली आणि खूप वेळ रडल्या. ठेव वाचली होती. पण दुपारी पावणेचार झाले आणि त्यांनी खुर्ची ओढली. तार नसलेल्या माझ्यापाशी त्या पाच वाजेपर्यंत बसून राहिल्या.

रविवारी लेकीने फोन केला असणार, पण मी मुका होतो. सोमवारी ती धापा टाकत दारात उभी. सगळं ऐकून रडकुंडीला आली.

"आई, तीन-चार दिवस तू त्या मेल्याशी बोलत राहिलीस? संशय नाही आला?"

"आला होता गं थोडा. मंगळवारीच."

"मग ठेवला का नाहीस?"

बाई माझ्यावरची धूळ पुसत म्हणाल्या, "त्याच्याकडे वेळ होता गं."

दुपारी दोघी पोलीस चौकीत तक्रार देऊन आल्या. मग लेकीने खाली बसून माझी तार परत जोडली आणि म्हणाली, "आई, आता रोज चारला मी फोन करीन."

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांना सांगा, खरे पोलीस फोनवर अटक करत नाहीत, ठेव मोडायला लावत नाहीत आणि घरच्यांपासून काही लपवायला सांगत नाहीत. असा फोन आधी ठेवला तर तो उद्धटपणा होत नाही. पण एवढं सांगून उठू नका. जेवलात का, हेही विचारा. बाईंना त्या आठवड्यात हे फक्त चोराने विचारलं होतं.

आता पावणेचार वाजलेत. बाईंनी खुर्ची ओढली आहे. परवा लेकीला जमलं नाही, कालही नाही. मी घंटी तयार ठेवून बसलो आहे.