भावजींच्या रक्तातले ठिपके

भावजी वाचले, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर कशाला? माझ्या जिवाला लागला तेवढा पुरे झाला.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. एकवीस वर्षं झाली. भाजीतली अळी मलाच आधी दिसते, म्हणून घरचे मला भिंगवाली म्हणतात. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय एकेचाळीस, लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत, सासूबाईंजवळ राहतात आणि लोकांच्या कुत्र्यांना अंघोळ घालून त्यांचे केस कापतात. एखादं गिऱ्हाईक चावलं तरी हे त्यालाच थोपटत बसतात.

माझा नवरा त्यांचा दादा. भावजींकडे नुसता बल्ब बदलायचा असला तरी हा हातातलं काम टाकून शिडी धरायला पळतो. हा दहा वर्षांचा आणि धाकटा सात वर्षांचा असताना दोघांची कुंपणाच्या भिंतीवर मारामारी झाली, याचा धक्का लागला आणि धाकटा खाली पडला, तेव्हापासूनचं हे आहे. त्याच आठवड्यात भावजींचं अपेंडिक्स फुटलं आणि पोट मधोमध उघडावं लागलं, असं आमच्या घरात सगळे धरून चालले होते. एकाच आठवड्यात दोन-दोन संकटं आली, म्हणून सासूबाई अजून नशिबाला बोल लावायच्या.

त्या मंगळवारी सकाळी भावजींना हुडहुडी भरून ताप आला. नवऱ्याने त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं, सासूबाई सोबत आल्या, आणि अर्ध्या तासात भावजींचं रक्त माझ्या टेबलावर आलं. निळ्या टोपीच्या नळीतलं रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आम्ही मोजतो. बारा-तेरा सेकंद लागायला हवेत, इथे सव्वीस लागले.

मला आधी आला तो रागच. ही नळी रेषेपर्यंत भरली नाही, की आत घातलेलं औषध रक्ताला जास्त होतं आणि आकडा खोटाच लांबतो. वॉर्डातले लोक आठवड्यातून दोनदा तरी हा घोळ घालतात. नर्सला चार शब्द सुनवायला मी फोन उचललासुद्धा, आणि मग नळी उजेडात धरली. रक्त रेषेला बरोब्बर टेकलं होतं. मी फोन खाली ठेवला. कुणीतरी चूक केली असती तर किती बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग काचेवर थेंब पसरला, रंगवला आणि भिंगाखाली घेतला. जिथे मूठभर प्लेटलेट्स दिसायच्या तिथे एखाददुसरी होती. तांबड्या पेशींचे तुकडे पडले होते. हे चित्र मी ओळखते. जंतूंच्या अंगातलं विष रक्तात मिसळलं, की रक्ताला नको तिथे गोठायची घाई होते. बारीक नसांमध्ये गुठळ्या धरतात, गोठण्यासाठी लागणारा सगळा माल तिथेच संपतो, आणि खरी गरज पडते तेव्हा रक्त थांबतच नाही. अशा अवस्थेतून सगळेच परत येत नाहीत.

पण काल संध्याकाळपर्यंत कुत्री धुणाऱ्या धडधाकट माणसाची एका रात्रीत ही गत कशी झाली, ते कळेना. मी काच सरकवत राहिले, आणि एका तांबड्या पेशीत मला गोल, काळसर ठिपका दिसला. मग शेजारच्या पेशीत एक, पुढे आणखी दोन. असे ठिपके सगळ्यांच्याच रक्तात तयार होतात, पण पोटात डाव्या बाजूला असते ती प्लीहा ते धान्यातल्या खड्यांसारखे वेचून काढते. रक्तातले जंतूही तीच वेचते. इथे तर वेचणारं कुणी नव्हतंच.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. पेशंटला प्लीहा नाही, असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या की पेशंट अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगतोय. मी म्हटलं, पेशंट काहीही सांगू दे, रक्त खोटं बोलत नाहीये, आणि कुत्रा चावलाय का तेवढा हात बघा. डाव्या अंगठ्याजवळ दोन दातांची खूण सापडली. बाई वयाने लहान, पण शहाणी. पुढच्या रिपोर्टची वाट न बघता तिने तिथल्या तिथे जबर अँटिबायोटिक सुरू केलं.

मी तरातरा खाली गेले. सासूबाई बाकावर एकट्याच बसल्या होत्या. नवरा कागदांवर सह्या करायला गेला होता. मी सरळच विचारलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"प्लीहा फाटली होती," त्या म्हणाल्या. "काढली. मोठा तेव्हा दारात उभा राहून विचारत होता, आई, माझ्यामुळे का? दहा वर्षांचं पोर गं ते. मी म्हटलं, नाही रे, अपेंडिक्स आहे. प्लीहेवाचून माणूस जगतो असं डॉक्टर म्हणाले होते. मग मी कुणालाच सांगितलं नाही."

जिभेवर खूप काही आलं होतं, ते मी गिळलं. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

पुढचे दोन दिवस मी रोज त्यांची नळी स्वतः मशीनला लावत होते. सव्वीसचे बावीस झाले, बावीसचे अठरा. शुक्रवारी सकाळी चौदा आले. मी स्टुलावर बसले आणि मनसोक्त रडले. मग डोळे पुसून नर्सला फोन केला आणि नळी छान भरलीस म्हणून सांगितलं. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं मी टोमणा मारतेय.

शनिवारी भावजी उशीला टेकून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी एक कार्ड दिलं: प्लीहा नाही, ताप आल्यास तासाभरात हॉस्पिटलात या. कोणत्या लसी घ्यायच्या तेही खाली लिहिलं होतं. कार्ड नेमकं नवऱ्याच्या हातात पडलं. त्याने दोनदा वाचलं आणि प्लीहा कधी काढली ते विचारलं. सासूबाईंनी सगळं सांगितलं, खिडकीकडे बघत.

नवऱ्याने पलंगाची दांडी घट्ट धरली. "म्हणजे माझ्यामुळेच," तो म्हणाला.

"तुझा काय संबंध?" भावजी म्हणाले. "मी उडी मारली होती."

"माझा धक्का लागला."

"धक्का कुठला, दादा? मी आधीच हवेत होतो. पलीकडे कुत्र्याचं पिल्लू होतं. आई ओरडेल म्हणून मी तुझं नाव सांगितलं. मग पोट दुखायला लागलं आणि ते राहूनच गेलं."

"राहून गेलं?" सासूबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं?"

भावजी ओशाळून अंगठ्याच्या पट्टीशी चाळा करू लागले. नवरा त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याला हसू फुटलं. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले, तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं मी ज्या माणसाशी संसार करत होते त्याच्या छातीवर केवढा धोंडा होता. मला त्या दोघांना बदडावंसं वाटत होतं आणि कवटाळावंसंही. हॉस्पिटल माझं कामाचं ठिकाण असल्यामुळे मी दोन्ही केलं नाही.

भावजी घरी गेले. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, स्वयंपाकघरातला बल्ब गेला होता. नवरा पेपर वाचत होता. "तुझा तू चढ," तो म्हणाला. "पडलास तर यावेळी माझं नाव सांगू नकोस." फोन ठेवून त्याने पेपर पुन्हा उघडला. दोन मिनिटांनी पेपर घडी करून टेबलावर गेला आणि हा चपला शोधायला लागला. तो शीळ वाजवत सावकाश जिना उतरला. शिडी धरायला तो शीळ वाजवत निघालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.