मिस्त्रीणबाईंचं घासकाम

मिस्त्रीच्या हातचा जोड बोटाला लागत नाही, अशी त्याची सगळ्या गल्लीत ख्याती होती. फाटक असो नाहीतर जिन्याचा कठडा, दोन नळ्या कुठे जुळल्यात ते शोधून दाखवा म्हणून लोक पैजा लावायचे. ही करामत मिस्त्रीच्या हाताची राहिलेली नाही, ती ग्राइंडरची आहे, हे मात्र एकट्या त्याच्या बायकोला ठाऊक होतं. तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. नवरा वेल्डिंग करायचा आणि ती घासून, पॉलिश करून रंग द्यायची. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, एवढ्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं.

मिस्त्रीचा उजवा हात थरथरायला लागला तो हळूहळू. वेल्डिंगची सरळ शिवण नागमोडी जाऊ लागली, तिच्यात बारीक भोकं पडू लागली, कुठे धातू आत न उतरता वरच्यावरच बसू लागला. तिने पाहिलं आणि गुपचूप घासून टाकलं. भोकांत पुट्टी भरली, वर रंग मारला. हा माणूस नाकावर माशी बसू न देणारा, त्याला 'तुमचा हात गेला' असं सांगायचं कुणी? शिवाय फाटक काही उड्या मारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तिने ती झाकून ठेवली.

वाईट झालं ते पुढेच. रंगवलेलं काम बघून मिस्त्रीचीही खात्री पटत गेली. "शिवण वरून वाकडी दिसते गं, पण आतून पक्की आहे," असं तो म्हणायचा आणि ती मान डोलवायची.

अशात त्याचा धाकटा भाऊ एक दिवस नळ्यांचा भारा घेऊन दारात उभा राहिला. दगडधोंड्यांतून, नदीच्या पात्रातून गाड्या पळवायच्या शर्यतीचं त्याला वेड होतं, आणि या वेळी तो स्वतः गाडी चालवणार होता. पुढच्या चाकांना धरून ठेवणारे दोन आर्म करून हवे होते.

"दादा, दुसऱ्या कुणाचा जोड मला चालणार नाही. आणि वहिनी, फिनिशिंग तुझं, एकदम आरसा!"

"आरसा कशाला? तुझं तोंड बघायला?" ती म्हणाली. सगळे हसले. अशा गाडीची शिवण घासायचीच नसते, जोडाचं बळ त्या उंचवट्यात असतं, हे तिला चांगलं माहीत होतं. घासायची नाही म्हणजे झाकायचीही नाही.

दोन दिवसांनी पहिला आर्म तिच्या टेबलावर आला. तिने शिवणीवर बोट फिरवलं. सवयीने ग्राइंडर हातात घेतला, चालू केला आणि बंद केला. या नळीच्या टोकाला तिचा दीर बसणार होता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो शाळेत जात होता, तिच्या हातचं जेवून मोठा झाला होता.

तिने आर्म व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि घण उचलला.

"अगं, वेड लागलं का तुला?" मिस्त्री ओरडत आला.

तोवर तिने घाव घातला होता. दुसऱ्याच घावाला जोड उघडला. आतला धातू कोरा होता, वितळलेलाच नव्हता. मिस्त्री वाकून कितीतरी वेळ ते बघत राहिला.

"हा एकच असा निघाला असेल," तो म्हणाला.

"नाही हो. कधीपासून सगळेच असे निघतात. मी घासते, पुट्टी भरते." तिला रडू आवरेना. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं."

"माझं गाढव केलंस तू," तो हळू आवाजात म्हणाला. त्यापेक्षा त्याने आरडाओरडा केला असता तर तिला सोसलं असतं.

पलीकडच्या गल्लीत एक वेल्डर होता. याचे जोड डिंकाने चिकटवलेले, असं म्हणत मिस्त्री त्याला आयुष्यभर 'डिंकवाला' म्हणून हिणवत आला होता. राहिलेल्या नळ्या खांद्यावर टाकून मिस्त्री स्वतः त्याच्या दारात गेला. आर्म तयार होऊन आले. शिवणीला ग्राइंडर न लावता तिने नुसता रंग दिला. धाकट्याला कशाला सांगायचं, एवढंच मिस्त्री म्हणाला, आणि ती याही गोष्टीला हो म्हणाली.

शर्यतीत धाकटा मागून तिसरा आला, पण आविर्भाव असा की पहिलं बक्षीस जणू याच्याच घरी चाललंय. चिखलाने माखलेला तसाच तो बघायला आलेल्या भाऊ-वहिनीकडे धावला. मागून त्याचं सगळं मित्रमंडळ आलं.

"गाडी दगडावर आपटली, उडाली, पण जोड हलला नाही! माझ्या दादाचा हात आहे! पुढच्या गाडीची अख्खी चौकट दादाच करणार!"

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. तिच्या जिभेवर सबब तयार होती: दुकानात कामं तुंबलीत, यांना वेळ कुठला. इतक्या वर्षांच्या सवयीने ती आपसूक आली होती. तिने ती गिळली.

"मी नाही केले ते. त्या डिंकवाल्याने केले," मिस्त्री म्हणाला.

धाकटा खो खो हसला. "ऐका! दादाची थट्टा!"

"थट्टा नाही रे. माझा हात गेलाय." त्याने उजवा हात सगळ्यांसमोर पुढे धरला. हात थरथरत होता. तो मागे घेईना. धाकट्याचं हसू हळूहळू विरलं, मित्र खाली बघू लागले. ती शेजारीच उभी होती. नुसता आपला हात त्यावर ठेवला असता तरी तो झाकला गेला असता. तिने ठेवला नाही.