लाल दोऱ्याचे टाके

"अहो, आज डॉक्टरांसमोर विनोद करू नका," बायकोनं पुन्हा बजावलं. "तुम्ही हसवता आणि त्यांना वाटतं, माणूस ठणठणीत आहे."

शिंपीमास्तर दवाखान्याच्या बाकावर एका अंगावर रेलून बसले होते. कंबर कित्येक वर्षं ठणकत होती. आता तर मशीनवर एक बाही जोडून होण्याआधीच उठावं लागे. आधीच्या दोन सर्जननी "ऑपरेशन नको" म्हणून हात झटकले होते. इथंही तेच झालं, तर दुकानाला कुलूप.

या वेळी मात्र तयारी पक्की होती. रोज संध्याकाळी मास्तर तोच जुना सदरा-पायजमा घालून उभे राहत. सगळ्यात जास्त दुखे तिथं ते बोट ठेवत आणि बायको त्या जागी लाल दोऱ्याचा टाका घाली. नीट खूण केली की कात्री चुकत नाही, हा दोघांचा जन्माचा अनुभव.

आत गेल्यावर तिनं पिशवीतून कपडे काढून टेबलावर पसरले.

"या बघा जागा. तुम्हाला शोधाशोध नको."

डॉक्टरबाईंनी सदरा उलटसुलट करून पाहिला. घाई केली नाही.

"हा टाका कमरेत डावीकडे. हा उजवीकडे. हा पार वर, खांद्याखाली. आणि हे मांडीत?"

"फिरतं हो दुखणं. आमच्या मेव्हण्यासारखं, एका घरी टिकत नाही."

बायकोनं टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला.

डॉक्टरबाई हसल्या, मग थांबल्या. "एमआरआयमध्ये कुठली नस दबलेली नाही. दुखण्याची जागा रोज वेगळी. मी सुरी कुठं लावू?"

"म्हणजे मी सोंग करतो?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"नाही, मास्तर. दुखतंय, खरंच दुखतंय. पण कापून काढावं असं आत काही नाही. उगाच कापलं तर दुखणं वाढायचीही भीती. व्यायाम, औषधं, बसायची सवय बदलणं, यानं हळूहळू फरक पडेल. पूर्ण जाईल, असं वचन मात्र देत नाही."

बाहेर आल्यावर बायको जिन्याशीच थांबली. "टाके मीच घातले. मीच तुमच्याविरुद्ध साक्ष दिली."

"खुणा रोज सरकल्या असत्या, तर तू कापडाला कात्री लावली असतीस?"

"कापड रात्रभर माझ्या शेजारी कण्हत नाही."

मास्तर कठडा धरून जिना उतरू लागले.

घरी आल्यावर तिनं हातमशीन कापणीच्या उंच टेबलावर चढवलं. मास्तर उभ्यानं बाही जोडू लागले. ती मागं उभी होती. नजर शिवणीवर नाही, त्यांच्या कमरेवर. अर्ध्या बाहीशी मशीन थांबलं.

"काय झालं? कुठं दुखलं?"

"बॉबिन संपली गं."

ती बॉबिन भरायला बसली. दोरा गुंडाळतानाही तिची नजर त्यांच्या कमरेवरच होती.